जुन्या डिझेल ट्रॅक्टरचे हीटर प्लग : तपासणी व काढणी

डिसेंबर-जानेवारीत निफाडसारख्या थंड भागात पहाटे जुना ट्रॅक्टर चालू होत नाही, ही तक्रार नित्याची आहे. स्टार्टर फिरतो, धुराड्यातून पांढरट, उग्र वासाचा धूर येतो. परंतु इंजिन पेट घेत नाही. ऊस वाहतुकीच्या हंगामात अशी एक पहाट वाया गेली, तर तोडलेला ऊस फडातच वाळतो. बॅटरी सशक्त असेल व डिझेलच्या नळीत हवा शिरलेली नसेल, तर दोष पुष्कळदा हीटर प्लगमध्ये आढळतो.

हे प्लग सर्वच ट्रॅक्टरांना नसतात. ज्या इंजिनात डिझेल प्रथम लहानशा पूर्वज्वलन कक्षात फवारले जाते, त्यात थंडीच्या वेळी कक्षाच्या भिंती उष्णता शोषून घेतात. ती उणीव प्लगची तापलेली तार भरून काढते. महिंद्र व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सहयोगातून १९६३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीमुळे आपल्याकडे परिचित झालेला बी-२७५ हा ट्रॅक्टर याच जातीचा. त्याच्या मूळ ब्रिटिश रचनेत चार सिलिंडरांचे चार प्लग मालिकेत जोडलेले असत.

मालिका जोडणी म्हणजे दिव्यांची जुनी माळ. एक तार तुटली की चारही प्लग थंड. अशा प्लगला वर दोन टोके असतात व तो सुमारे १.७ व्होल्टवर चालतो. उरलेला दाब डॅशबोर्डवरील दर्शक तार व रोधक यांत खर्च होतो. नंतरच्या अनेक इंजिनांत एकाच टोकाचे, बंद नळीचे प्लग समांतर जोडलेले असतात. त्यांतील एक निकामी झाला, तरी बाकीचे तापतात.

हा भेद न जाणता केलेली तपासणी दोषापेक्षा महाग पडते. प्लग काढून थेट १२ व्होल्टच्या बॅटरीला लावून ‘लाल होतो का’ हे पाहण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. १.७ व्होल्टचा धडधाकट प्लग अशाने क्षणात जळतो, आणि कारागीर मात्र तो आधीच गेलेला होता असे समजतो. म्हणून प्लग जागेवरच, चाचणी दिव्याने तपासावेत.

मालिका जोडणीत दिव्याची एक तार इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावावी, हीटरचा स्विच दाबावा आणि दुसरी तार पुरवठ्याच्या बाजूकडून एकेका टोकाला टेकवीत जावे. प्रकाश टप्प्याटप्प्याने मंद होत गेला, तर तारा शाबूत आहेत. एका टोकाशी दिवा लख्ख आणि त्याच प्लगच्या दुसऱ्या टोकाशी काळोख, असे झाल्यास तो प्लग तुटलेला आहे. डॅशबोर्डवरील तार मुळीच तापत नसेल, तर मंडल खंडित समजावे. ती नेहमीपेक्षा लवकर व जास्त प्रखर झाली, तर काजळीमुळे एखादा प्लग इंजिनाच्या अंगाला विद्युतदृष्ट्या चिकटला असावा. समांतर जोडणीत सामायिक पट्टी सोडवून बॅटरीचे जिवंत टोक दिव्यामार्फत प्रत्येक प्लगला लावावे. दिवा लागला, तर तार अखंड आहे. येथे दिवाच प्रवाहाला आवर घालतो.

काढण्यापूर्वी बॅटरीची अर्थची तार सोडवावी. जुन्या ब्रिटिश ट्रॅक्टरांत ती धन टोकाचीही असते. भोवतालची धूळ झटकावी, अन्यथा ती कक्षात पडते. टोकावरील नट सैल करताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा. टोक पिळले गेल्यास आतील तार तुटते. इंजिन कोमट असताना आट्यांवर भेदक तेल सोडून काही वेळ थांबावे. मग प्लग पाव आटा उलट, थोडा सुलट असा हलवीत काढावा. येथे बळ करू नये. प्लग हेडमध्ये मोडला, तर तास-दोन तासांच्या कामासाठी संपूर्ण सिलिंडर हेड उतरवावे लागते.

काजळी मऊ ब्रशने काढावी, तार वाकवू नये. भोकातील काजळी खरवडल्यावर डिझेल बंद ठेवून इंजिन स्टार्टरने फिरवावे, म्हणजे ती बाहेर फेकली जाते. त्या वेळी तोंड त्या बाजूला नसावे. नवीन प्लग जुन्याच व्होल्टचा घ्यावा. जोडपट्ट्या चकचकीत घासून बसवाव्यात, कारण इतक्या अल्प दाबाच्या मंडलात गंजाचा पातळ थरही उष्णता हिरावून घेतो. प्लग तापवीत असताना हवाशोधकात ईथरचा फवारा मात्र कदापि मारू नये. तो तापलेल्या तारेवर अवेळी पेटून पिस्टन फोडू शकतो.