भट्टीवर काम करणाऱ्यांचे डोळे

‘डॉक्टर, मी गॉगल लावतो की!’ फौंड्रीत किंवा रोलिंग मिलमध्ये काम करणारा पेशंट हमखास सांगतो. मी तो गॉगल बघायला मागतो. बहुतेकदा रस्त्यावरचा काळा, प्लास्टिकचा निघतो. त्यानं उजेड कमी होतो, पण भट्टीचे अवरक्त किरण अडतीलच असं नाही. वर अंधारामुळे बाहुली मोठी होते, म्हणजे किरणांना दार आणखी उघडं.

वेल्डिंगच्या अतिनील किरणांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं त्याच रात्री खुपतं. दुसऱ्या दिवशी माणूस निमूट शील्ड धरतो. अवरक्त किरण डोळ्याला दुखवत नाहीत. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा तापतो, त्यामागचं भिंग तापतं. भिंगात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे ती उष्णता लवकर निघून जात नाही. काच फुंकणाऱ्या कारागिरांचा मोतीबिंदू डॉक्टरांना शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे. कधी कधी त्यात भिंगाच्या आवरणाचा पातळ पापुद्राही सुटतो.

मर्यादा किती? आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगानुसार, साधारण १७ मिनिटांहून जास्त वेळ भट्टीसमोर असाल तर डोळ्यावर पडणारे अवरक्त किरण चौरस मीटरला १०० वॅटच्या आत हवेत. काच आणि पोलाद कामगारांना रोज ८०० ते ४००० वॅट झेलून १०-१५ वर्षांत मोतीबिंदू झाल्याच्या नोंदी आहेत. किरण मोजायचा मीटर सगळीकडे नसतो, हे मलाही कळतं. तेव्हा गालाला विचारा: चेहरा भाजतोय असं वाटून मान वळवावीशी वाटली, तर डोळे उघडे ठेवायची ती जागा नाही.

चष्मा अवरक्त रोखणाराच घ्या. जुन्या युरोपीय मानकाच्या अशा काचेवरचा क्रमांक ४ आणि आडव्या रेघेनं सुरू होतो. असा चष्मा देणं मालकाचं काम आहे, मागताना संकोच नको. भट्टीचं दार गरजेपुरतंच उघडा. झरोक्यातून डोकावायची सवय सोडा.

घरच्यांनी मात्र घाबरू नये. टीव्हीच्या रिमोटचे किरण अगदी क्षीण असतात. कपाळावर धरायचा थर्मामीटर तर किरण सोडतच नाही, तुमच्या अंगातून निघणारेच मोजतो. फिजिओथेरपीचा लाल दिवा चेहऱ्यावर घेताना मात्र डोळे झाका.

तपासणीला याल तेव्हा केसपेपरवर नुसतं ‘नोकरी’ लिहू नका. ‘भट्टीवर’ लिहा, आणि किती वर्षं तेही. म्हणजे थेंब घालून, बाहुली मोठी करून भिंगाची मागची बाजू नीट बघता येते.