ट्रकचा क्राउन कोणता घ्यावा?

अल्लीपूरचा कापूस हिंगणघाटच्या बाजारात जातो. पूर्वी तो बंडीने जात असे. आता ट्रकने, ट्रॅक्टरने जातो. समजा, आपण चौघांनी मिळून एक जुना ट्रक घ्यायचे ठरविले. टायर पाहिले, इंजिन ऐकले, कागद तपासले. पण क्राउन किती दातांचा, हे विचारलेच नाही. मग भरलेला ट्रक पांदणीत अडतो, नाही तर चांगल्या सडकेवर उगाच डिझेल पितो.

ट्रकच्या मागच्या चाकांच्या मध्ये एक लोखंडी गोल पेटी असते. तिच्यात दोन दातेरी चाके असतात. लहान ते पिनियन, मोठे तो क्राउन. इंजिनाकडून आलेला लांब दांडा पिनियन फिरवितो, पिनियन क्राउनला फिरविते आणि क्राउन ट्रकची चाके फिरवितो.

सायकल आठवा. मागचे फ्रीव्हील लहान असेल, तर एका पायडलात सायकल लांब जाते. पण दळणाचे पोते घेऊन चढ लागला, की मांड्या भरून येतात. फ्रीव्हील मोठे असेल, तर चढ सोपा जातो. मात्र सपाटीवर पाय फार मारावे लागतात.

ट्रकचेही तसेच. क्राउनला 41 दात आणि पिनियनला 6 असतील, तर दांड्याच्या जवळजवळ सात फेऱ्यांत चाक एकदा फिरते. पिनियनला 7 दात असतील, तर सहापेक्षा थोड्या कमी फेऱ्या पुरतात. चाक एक मीटर उंच धरू. एका किलोमीटरात ते सुमारे 318 वेळा फिरते. पहिल्या जोडीत दांडा सुमारे 2,170 वेळा फिरेल, दुसरीत 1,860 वेळा. तीनशे फेऱ्या वाचल्या, की डिझेलही वाचते. पण ओढण्याचा जोर पहिल्या जोडीत सहाव्या हिश्श्याने जास्त असतो.

नागपूर–हैदराबाद सडकेवर लांबचा माल नेणाऱ्याने 7 दातांची जोडी घ्यावी. काळ्या मातीच्या पांदणीतून भरलेली गाडी काढायची असेल, तर आम्ही 6 दातांचीच घेऊ. डिझेल वाचेल म्हणून येथे दुसरी घेतली, तर ड्रायव्हर सारखा खालच्या गिअरमध्ये चालवितो, क्लच जळतो, आणि वाचलेले डिझेलही जाते.

क्राउन कोणता, हे पेटी न उघडता कळते. रिकामा ट्रक सपाट जागी न्यूट्रलमध्ये ठेवा. मागच्या चाकावर आणि दांड्यावर खडूने खूण करा. चाक पूर्ण एकदा फिरेपर्यंत ट्रक सरळ ढकला. एकाने बाजूला उभे राहून दांड्याच्या फेऱ्या मोजाव्या. गाडीखाली कोणी जाऊ नये.

क्राउन बदलायचा झाल्यास पिनियनसह जोडीच बदलावी. नंतर वेगाचा काटाही तपासून घ्यावा. तो गिअरबॉक्सवरून चालत असेल, तर वेग चुकीचा दाखवितो.