शटर नंतर, आधी आतला बॉक्स बघा

किचनच्या कामासाठी तीन दुकानांची कोटेशनं आणायची, शेजारी ठेवायची आणि सगळ्यात कमी आकड्याभोवती गोल करायचा, ही आपली पद्धत. अडचण अशी की ती तिन्ही कोटेशनं बहुधा तीन वेगळ्या वस्तूंची असतात. एक जण रनिंग फुटाचा भाव लावतो, दुसरा स्क्वेअर फुटाचा, तिसरा 'सगळं मिळून' म्हणत गोळाबेरीज सांगतो. एकाच्या भावात बिजागऱ्या, चॅनल आणि बास्केट धरलेल्या, तर दुसऱ्याकडे 'हार्डवेअर एक्स्ट्रा'. एकाच्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात जीएसटी वेगळा. लाकडी फर्निचरवर तो 18 टक्के, म्हणजे दोन लाखांच्या कामावर छत्तीस हजार. स्वस्त वाटलेला माणूस इथेच महाग होतो.

नागपुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने बसवून दिलेलं किचन होतं. दिसायला झकास. एक दिवस सिंकखालचं दार उघडलं, तर ते बिजागरीसकट हातात आलं. लॅमिनेट अजून कोरं करकरीत होतं, पुसलं असतं तर नवं म्हणून खपलं असतं. पण स्क्रू जिथे बसले होते तिथे बोट लावलं, तर आत ओला भुसा. पाण्याच्या फिल्टरच्या नळीचा जोड मागच्या बाजूने थेंब थेंब गळत होता आणि पार्टिकल बोर्ड ते पाणी निमूट पीत होता. नवं करायचं ठरलं ते तेव्हा.

आता, शोरूममध्ये आपल्याला काय दाखवतात? शटर. अ‍ॅक्रिलिकची चकाकी, मॅटचे रंग, हळूच बंद होणारा ड्रॉवर. आतला बॉक्स कशाचा आहे हे विचारलं की "वॉटरप्रूफ आहे ताई" एवढंच उत्तर. एक मिस्त्री तर सरळ म्हणाला, "आतून कोण पाहते ताई, दिसते ते बाहेरचंच." त्याचं खरंच होतं, पण वजन पेलतो तो बॉक्स, स्क्रू धरतो तो बॉक्स आणि पाणी लागतं तेही त्यालाच. शटर बिघडलं तर एक शटर बदलता येतं. बॉक्स गेला तर ओट्याखालचं सगळंच निघतं.

म्हणून कॅटलॉग बाजूला ठेवून मी प्रत्येक दुकानात बोर्डाचा वितभर तुकडा मागितला. कुणी हसून दिला, कुणी "तुकडे नसतात" म्हणाला. सगळ्या तुकड्यांवर पेनने नावं लिहिली, जाडी मोजली (अठरा मिलिमीटर म्हणून दिलेला एक सोळाच भरला) आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवले. सकाळी पार्टिकल बोर्ड चहात बुडवलेल्या टोस्टसारखा फुगला होता. एचडीएचएमआर म्हणजे दाट दाबलेला, ओल सोसणारा बोर्ड. तो कडेला किंचित वाढला, पण टणक राहिला. डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचा बोर्ड. त्याला काहीच झालं नव्हतं. साधा एमआर प्लाय आणि मरीन प्लाय थंड पाण्यात जवळजवळ सारखेच दिसत होते. मग त्या दोघांचे तुकडे जुन्या कुकरमध्ये उकळले. एमआरचे थर सुटले, मरीनचे नाही.

यामागचं कारण गोंदात आहे. एमआर प्लाय युरिया फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाने चिकटवतात, तो दमट हवा सोसतो पण पाणी सोसत नाही. मरीन प्लायला फिनॉल फॉर्मल्डिहाइड लागतो. एमआर आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारी) या दोन्ही प्रती आयएस 303 या मानकात येतात. मरीन प्लायचं मानक आयएस 710, आणि त्यात प्लाय 72 तास उकळून थर सुटतात का ते बघतात. 'वॉटरप्रूफ' ही दुकानदाराची भाषा झाली, मानकाची नव्हे. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मोबाइलवर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला की परवाना कुणाचा आहे आणि चालू आहे का, हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. मी हे करू लागले तेव्हा एका दुकानदाराने चहा मागवला. चांगलं लक्षण की वाईट, ते अजून ठरवता आलेलं नाही.

मग डब्ल्यूपीसीच का नको? पाण्याला तो उत्तम, वाळवीलाही. पण लांब फळीवर डाळींचे भरलेले डबे ठेवले की तो मध्ये झोल खातो आणि उष्णतेत जास्तच लवतो. नागपूरचा मे म्हणजे पंचेचाळीस अंश. बंद किचनमध्ये शेगडीच्या बाजूला काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. हीच उष्णता कडांच्या पट्ट्यांनाही नडते. स्वस्तातला गरम गोंद उन्हाळ्यात मऊ पडतो, पट्टी सुटते आणि तिथून ओल आत शिरते. पट्टी मशीनने दाबलेली आहे की हाताने, आणि शटरच्या चारही कडांना आहे की दिसणाऱ्या दोनच, हे नखाने चाचपून बघा.

लकडगंजात चौकशीला गेलं की कुणीतरी सागवानाचा आग्रह धरतोच, आणि आपल्याकडे तो स्वाभाविक आहे. बल्लारपूर-आलापल्लीचा साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेला, दिल्लीच्या नव्या संसदेतही नागपूरचं सागवान आहे. पण रुंद सागवानी फळी कोरड्या मे महिन्यात आकसते आणि ऑगस्टमध्ये फुगते; शटर अडायला लागतं. चौकटीला साग जरूर घ्या. पूर्ण बॉक्सला तो खर्च मला पटला नाही.

ज्याची जाहिरात कुणी करत नाही, असा एक पर्याय आपल्या जुन्या घरांमध्ये आहे: कडप्पा. ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फरश्या, त्यात स्टीलच्या ट्रॉल्या आणि समोर शटर. पाणी नाही, वाळवी नाही, फुगणं नाही. तोटेही आहेत. जागा थोडी खातो, काठ टवकतो, पुढे मांडणी बदलायची म्हटली तर छिन्नी-हातोडा आणावा लागतो, आणि ट्रॉल्या मापाने बनवून घ्याव्या लागतात. आम्ही सिंकखाली कडप्पा घातला आणि बाकी बॉक्स मरीन प्लायचे केले, चार इंच पायांवर उचलून, म्हणजे फरशी पुसताना पाणी लागत नाही.

शटरबद्दल थोडक्यात: एक मिलिमीटरचं लॅमिनेट सगळ्यात सोशिक. अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे दिसतात, मेम्ब्रेनची फॉइल शेगडीजवळ सुटते. आणि घरी सावजी रस्सा होत असेल तर पांढऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

बास्केटचं स्टील तपासायला लोक चुंबक लावतात. चुंबक घट्ट चिकटलं तर ते बहुधा 304 नाही, इथवर ठीक. पण 202 या स्वस्त प्रतीलाही ते चिकटत नाही, आणि 202 वर सिंकजवळ गंज चढतो. तेव्हा प्रत बिलावर लिहून घ्यायची.

मापातली गंमत एल आकारात असते. एक भिंत आठ फूट, दुसरी सहा. चौदा रनिंग फूट म्हणून हिशेब येतो. ओटा दोन फूट खोल असला तर कोपरा दोनदा मोजला गेलेला असतो, खरे फूट बाराच. स्क्वेअर फुटाचा भाव असेल तर समोरचा भाग मोजणार की लागणारा सगळा बोर्ड, ते आधी विचारा. आम्ही शेवटी स्वतःच कागदावर आकृती काढली. त्यावर बोर्डाची प्रत, जाडी, पाठीचा बोर्ड, बिजागऱ्यांची संख्या, चॅनलची लांबी लिहिली आणि त्याच आकृतीवर सगळ्यांकडून भाव घेतले. तेव्हा कुठे आकडे एकमेकांशी बोलू लागले. सगळ्यात कमी भाववाला बिलावर 'आयएस 710' लिहायला तयार नव्हता. तसं पक्कं बिल असेल तर वाद झाल्यावर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी लागत नाही. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ला फोन करता येतो.

मांडणी करताना कॅटलॉग विसरा. 1926 मध्ये वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की यांनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी जे आटोपशीर किचन आखलं, त्यात पिठाचा खण ओकच्या लाकडाचा होता, कीड लागू नये म्हणून. काय ठेवायचं ते आधी, खण नंतर. आमच्याकडे गव्हाची कोठी, तुरीच्या डाळीचं पिंप आणि कुरडयांचा उंच डबा; कुठल्याच शोरूमच्या ड्रॉवरमध्ये त्यांची सोय नव्हती. सिलिंडर कपाटात ठेवणार असाल तर शटरला खालच्या बाजूला जाळी हवीच. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशीच साचतो.

आणि हे काम जुलै-ऑगस्टमध्ये काढू नका. दमट हवेत साइटवर चिकटवलेलं लॅमिनेट नीट धरत नाही. दसऱ्याच्या सुमारास सगळ्यांनाच घाई असते, एक मिस्त्री चार घरं हातात घेतो. दिवाळी उलटल्यावर तो मोकळा असतो, हवा कोरडी असते आणि भावावर बोलायलाही त्याला वेळ असतो.