पाणी सांडू दे गं

अगं, बस इथे ओट्यावर. परवा नाशिकरोडच्या दुकानात तुझा चेहरा बघितला मी. चोचीचा कप, स्ट्रॉचा कप, उलटा केला तरी न सांडणारा कप! बाळ वर्षाचं झालं, बाटली सुटत नाही, म्हणून तुझा जीव टांगणीला लागलाय. एकलहऱ्यात याच घरात मी दोन मुलं वाढवली, म्हणून हक्कानं सांगते: आपल्या फळीवरचा तो लहान स्टीलचा पेला काढ. बाळाला तोच दे.

का ते ऐक. न सांडणाऱ्या कपाच्या झाकणात बहुतेक वेळा रबराचा पडदा असतो. मूल जोरात ओढेल तेव्हाच पाणी येतं, म्हणजे पुन्हा बाटलीसारखं चोखणंच झालं. काठाला ओठ लावून घोट घ्यायचा आणि ओठ मिटून गिळायचा, हे त्यातून शिकायचं राहून जातं. थोरल्याला मी तसलाच कप दिला होता. रोज धुवायचे. एक दिवस पडदा नखानं उचकटला, तर खाली काळी बुरशी! त्यातून आपण लेकराला दूध पाजलं, या विचारानं मला रात्रभर डोळा लागला नाही.

तू म्हणशील, पूर्वी बोंडलं होतंच की, त्यालाही चोच होती. होती ना, पण ते मांडीवर घेऊन पाजायचे आणि बाजूला ठेवायचे. मूल ते तोंडात धरून घरभर हिंडत नसे. दुधाचा कप दिवसभर तोंडात राहिला की दात किडतात. पोट दुधानंच भरतं, भाजी-भाकरी नको होते आणि अंगात लोह कमी पडतं. या वयात दिवसाला अर्धा लिटरपर्यंत दूध पुरे. तेही एका जागी बसवून.

आणखी एक. आजी हौसेनं नाशिकच्या भांडी बाजारातून तांब्याचं फुलपात्र आणेल. ते देवापाशी ठेव, बाळाच्या दुधाला नको. पूर्वी आपल्याकडे तान्ह्या मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार व्हायचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी त्याचा माग काढला. बिनकल्हईच्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेल्या, ठेवलेल्या दुधात तांबं उतरतं, ते मुलांच्या यकृतात साठत असावं, असं त्यांनी १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. पुढे घरोघरी स्टील आलं आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. म्हणून म्हणते, स्टीलच बरं.

पेला बाळाच्या दोन्ही मुठींत मावेल एवढाच घे. काठावर बोट फिरवून बघ, गोल दुमडलेला हवा, धार लागता कामा नये. बाळाला ताठ बसव. पेल्यात दोनच चमचे पाणी घाल. काठ खालच्या ओठावर टेकव, पाणी ओठाला लागेल इतकाच पेला तिरका कर आणि थांब. तोंडात ओतू नकोस, ठसका लागेल. ते आपणहून ओठ पुढे काढेल, तेव्हाच घोट जाऊ दे. पहिले काही दिवस झबलं भिजेल, फरशी भिजेल. सुरुवात पाण्यानंच कर, म्हणजे सांडल्याचं काही वाटणार नाही. मग दुपारची बाटली बंद कर, त्यानंतर सकाळची आणि सगळ्यात शेवटी रात्रीची. स्टील पटकन तापतं, तेव्हा दूध कोमट आहे ना, ते मनगटावर थेंब टाकून बघत जा.

बसनं नाशिकला जाताना, उन्हातान्हात, स्ट्रॉचा कप जवळ असू दे. त्यात फक्त पाणी. पडद्याशिवायचा घे, नळी सुटी होणारी हवी आणि आतून ब्रश फिरवता आला पाहिजे. घरात मात्र पेलाच.

शेजारणीचं बाळ सांडत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. आपलं सांडतंय, कारण ते शिकतंय. जा, पेला घेऊन ये. मी फडकं घेऊन बसते.