डोक्यावरचा तुरा

चित्रकलेचा मास्तर म्हणून त्र्यंबकेश्वर-हरसूल पट्ट्यातल्या शाळांत माझी सोळा वर्षं गेली. त्यातल्या पहिल्या पाच-सहा वर्षांत ‘वन्यजीव वाचवा’ या विषयावर मी पोरांकडून ढीगभर चित्रं काढून घेतली. एकाही जिवाला त्यांचा उपयोग झाला नाही. नंतरच्या काहींचा थोडाफार झाला असावा. पुढे आकडे घातलेत ते मास्तरकीच्या सवयीने. एकाखाली ओळ आहे, दुसऱ्याखाली पानभर, त्याला इलाज नाही.

१. आपलं चित्र आधी गुराख्याला दाखवावं

शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर मी दहा फुटी गिधाड रंगवलं होतं. पंख पसरलेलं, मागे लाल सूर्य. रंगवायला दोन रविवार गेले. मुख्याध्यापकांनी कौतुक केलं, केंद्रप्रमुखांनी समोर उभं राहून फोटो काढला. आठव्या दिवशी सहावीतला एक मुलगा भिंतीपुढे बराच वेळ उभा राहिला. सुट्टीत बापाची गुरं राखणारा मुलगा तो. म्हणाला, “सर, ह्येच्या डोक्यावर कोंबड्यागत तुरा कसा?”

मी इंटरनेटवरून चित्र उतरवलं होतं. ते दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं काँडोर निघालं. आमच्या अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात, शाळेपासून फटफटीने फार तर पाऊण तास. तिकडे मान वर करून बघायचं सोडून मी हजारो मैलांवरचा पक्षी भिंतीवर आणून बसवला होता. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं की तो वेगळ्या जातीचा आहे. “आपल्याकडं येतो का मग?” त्याने विचारलं. मी घंटा द्यायला निघून गेलो.

२. पोस्टर स्पर्धा बंद करावी

निदान माझ्यासारख्याने तरी. ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताह आला की रडणारी पृथ्वी, एक वाघ, कुऱ्हाड आणि खाली घोषणा. दरवर्षी तेच. बक्षीस मिळतं ते अक्षराला.

३. आधी शिवी काढून टाकावी लागते

काँडोर प्रकरणानंतर मी वर्गात विचारलं, गिधाड म्हटलं की काय आठवतं? फळ्यावर शब्द आले: घाण, टपलेलं, अशुभ, लचके तोडणारं. पोरांचा दोष नाही, आपण मोठी माणसंच तशी बोलतो. जमिनीचे दलाल आले की गावात गिधाडं उतरली म्हणतो. ज्या पक्ष्याच्या नावाची शिवी झाली, तो वाचवायला हात कसा पुढे येणार?

मग विचारलं, जटायू म्हणजे काय? एकदम सगळे बोलायला लागले. इगतपुरी तालुक्यातलं सर्वतीर्थ टाकेद आमच्याकडे सगळ्यांना माहीत. जटायू तिथे पडला, रामाने त्याच्यासाठी सगळी तीर्थं तिथे आणली, अशी कथा. शिवरात्रीच्या जत्रेला निम्मा वर्ग जाऊन आलेला. म्हटलं, काढा जटायू.

चित्रं आली तेव्हा माझी मला गंमत वाटली आणि थोडी लाजही. प्रत्येक जटायूच्या मानेवर भरगच्च पिसं, सोनेरी चोच, कुणी मुकुटही घातलेला. एकाचीही मान बोडकी नाही. म्हणजे रामाला मदत करणारा पक्षी वेगळा आणि मेलेल्या बैलावर बसणारा वेगळा, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. कॅलेंडरवाल्यांनी केली, आणि त्यांच्या आधी माझ्यासारख्या मास्तरांनी.

त्या दिवशी बोडक्या मानेचा धडा झाला. ढोराच्या पोटात डोकं घालून खायचं तर मानेवर पिसं कशाला हवीत? रक्त-मांस त्यांत अडकेल, सडेल. बोडकी मान उन्हात वाळते, स्वच्छ राहते. गिधाडाच्या पोटातलं आम्ल एवढं जहाल, की सडक्या मांसातले कितीतरी रोगजंतू तिथेच मरतात. हे ऐकल्यावर मुलांनी दुसऱ्यांदा जटायू काढले. या वेळी मान बोडकी आली. एका मुलीने चित्राखाली लिहिलं होतं, ‘आंघोळ न करता स्वच्छ.’ मी तिला व्याकरणासाठी काही बोललो नाही.

४. शाळेच्या वेळा गिधाडांना लागू नाहीत

प्रत्यक्ष बघून चित्र काढायचं म्हणून आम्ही सकाळी साडेसातला कड्याखाली जाऊन बसलो. कड्यावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसत होते, घरट्याची जागा त्यावरूनच ओळखायची. पक्षी एक नाही. नऊपर्यंत पोरं कंटाळली, कुणी करवंदाच्या जाळीत शिरलं. दहाच्या सुमाराला ऊन तापलं, हवा वर चढू लागली, आणि कड्याच्या पोटातून एक, मग दुसरं, मग दोन अशी गिधाडं बाहेर पडली. पंख न हलवता घिरट्या घालत वर गेली. जड पक्षी आहे, गरम हवेच्या आधाराशिवाय त्याला दूर जाणं परवडत नाही. हे वाचलेलं मला माहीत होतं. पण वाचलेलं आणि अडीच तास वाट बघून कळलेलं यांत फरक पडतो.

तेव्हापासून आमच्याकडे एक वही आहे. तारीख, वेळ, ढगाळ की ऊन, किती दिसली, आणि शेजारी बोटभर रेखाटन. रेखाटनं कच्ची आहेत. पण पंखांच्या टोकाची पिसं हाताच्या बोटांसारखी फाकलेली असतात, हे एकाही पोराचं चुकत नाही. एकदा दोरी घेऊन पटांगणात पंखांची लांबी आखली. सव्वादोन मीटर धरले. एक मुलगा हात पसरून शेजारी झोपला, तरी दोरी पुरून उरली.

५. आकडा रांगोळीत मांडावा

हे माझं नव्हे, शाळेतल्या बाईंचं डोकं. पांढऱ्या पाठीची गिधाडं एकेकाळी भारतात इतकी होती, की कुणी मोजायच्या भानगडीत पडत नसे. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत ती 99.9 टक्क्यांनी घटली. मी फळ्यावर टक्केवारी लिहिली. वर्ग ढिम्म. बाई म्हणाल्या, “सर, ठिपके काढू या.”

पटांगण शेणाने सारवून घेतलं. पंचवीस ओळी, ओळीत चाळीस ठिपके. हजार ठिपके टाकायला सातवीच्या मुलींना दीड तास लागला. मग बाईंनी हातात खराटा दिला आणि म्हणाल्या, आता एक ठिपका ठेवून बाकीचे पुसा. मुली हलेनात. एवढ्या मेहनतीचं कोण पुसणार? शेवटी बाईंनीच पुसलं. मधोमध एक ठिपका राहिला. लांब चोचीच्या गिधाडांचं गणित थोडं बरं आहे, हजारात तीसेक उरली. ते ठिपके परत टाकले, तेव्हा पोरांना ते खूप वाटले.

त्या दिवशी घरचा अभ्यास होता: आजीला विचारून तिने पाहिलेलं आभाळ काढा. ज्या चित्रांत काळे पक्षी कागदाच्या कडेबाहेर जात होते, ती मी अजून जपून ठेवली आहेत. एका आजीने सांगितलं होतं, मेलेला बैल टाकून माणसं घरी येऊन हातपाय धुतायत तोवर हाडं उघडी पडायची. नातवाला वाटलं, आजी फेकते आहे. आजी फेकत नव्हती. मोठा थवा असला की तासाभरात ढोर फस्त होतं.

६. जे चित्र दुकानात दाखवता येतं ते खरं

गिधाडं गेली कशाने? शिकारीने नाही, जंगलतोडीनेही मुख्यतः नाही. डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने. आजारी ढोराला त्याचं इंजेक्शन दिलं आणि एक-दोन दिवसांत ते मेलं, तर औषध मांसात राहतं. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात आणि काही दिवसांत ते मरतं. पाकिस्तानात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये हे सिद्ध केलं. एका ढोरावर पन्नास-पन्नास गिधाडं बसतात, म्हणून शंभर मेलेल्या जनावरांत एकाच्या अंगात जरी औषध असलं तरी पुरे होतं. आणि मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेव्हा भर कुठून पडणार?

2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून 2015 मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटलीही तीन मिलिलिटरवर आणली. 2023 मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकवर बंदी आली. मेलॉक्सिकॅम मात्र चालतं, गिधाडांना त्याने अपाय होत नाही.

एवढं सगळं गोठ्यापर्यंत पोहोचवायचं कसं? आम्ही पोस्टकार्डाएवढी कार्डं केली. वर लाल रंगात तीन नावं आणि त्यांवर फुली, खाली हिरव्यात मेलॉक्सिकॅम. मागे बोडक्या मानेचं छोटं गिधाड. मला ती कार्डं दिसायला अजिबात आवडली नव्हती, रचना नाही, अवकाश नाही, नुसती अक्षरं. पोरांनी ती गोठ्याच्या खांबांना खिळ्याने ठोकली. पुढच्या पावसाळ्यात एका पालकाने सांगितलं, ढोरांना सुई टोचायला आलेल्या माणसाला त्यांनी कार्ड दाखवलं, आणि त्याने पिशवीतली एक बाटली परत आत टाकली. माझ्या आख्ख्या नोकरीत माझ्या विद्यार्थ्यांच्या एका चित्राने कुणाचा हात थांबवल्याचं एवढंच एक उदाहरण मला ठाऊक आहे. खोरीपाड्याला वनखातं आणि गावकरी मिळून गिधाडांसाठी मेलेली ढोरं ठेवतात. तिथे हीच काळजी मोठ्या प्रमाणावर घ्यावी लागते. आम्ही आपले चाळीस गोठे केले.

७. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात हात घालू नये

आमच्या भागात उन्हाळ्यात बोहाडा होतो. रात्रभर संबळ आणि सनईवर देवादिकांची सोंगं नाचतात, मोठाले मुखवटे घालून. माझ्या डोक्यात आलं, यात जटायूचं सोंग घातलं तर! मुलांनी कागदाचा लगदा भिजवला, कीड लागू नये म्हणून मेथ्या वाटून घातल्या, आणि बोडक्या मानेचा झकास मुखवटा केला. तो घेऊन मी मुखवटे करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांकडे गेलो.

त्यांनी मुखवटा हातात फिरवून बघितला, चोचीचा बाक आवडला म्हणाले. मग विचारलं, “सर, ह्याचं घर कोणतं?” मला कळलं नाही. सोंगं घराण्यांकडे असतात, ज्याचं सोंग त्याचाच मान, त्याची पूजा, त्याचा उपास. “तुमच्या ह्या सोंगाला कोण जागणार? उद्या तुमची बदली झाली म्हणजे?”

मला राग आला होता, हे कबूल करतो. घरी येताना मी मनातल्या मनात त्यांना अडाणी म्हणत होतो. दोन वर्षांनी खरोखरच माझी बदली झाली.

मुखवटा स्नेहसंमेलनात नाचला. बाबा बघायला आले होते, पुढच्या रांगेत बसले, आणि नंतर पोरांना बोलावून सांगितलं की मान फार ताठ ठेवता, गिधाड खांद्यातून बघतं. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी बघितलेलं गिधाड त्यांनी तिथल्या तिथे, धोतर सावरत, करून दाखवलं. तो नाच कुणी मोबाइलवर घेतला नाही.

८. चुकलेलं चित्र खरवडू नये

मागच्या दिवाळीत जुन्या शाळेत गेलो. भिंतीला चुना दिला होता, आणि काँडोरच्या जागी मुलांनी आपलं गिधाड काढलं होतं, वहीतल्या रेखाटनांवरून. पंखांची बोटं अगदी बरोबर. पण चुन्याचा हात पातळ पडला होता. गिधाडाच्या डोक्यावर पुसट तांबडा तुरा अजून दिसत होता. मी शिपायाला म्हटलं, अजून एक हात द्यायचा होता. तो म्हणाला, “पोरं नको म्हणाली. सरांचा आहे म्हणे.”