चाळीस लिंबांतलं एक

परवा जिन्यात खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी मला थांबवलं. हातात भाजीची पिशवी, डोळे जागरणाचे. "तुमची लेक ते ताटं सजवायचं काम करते ना हो? आमच्या चिरंजीवांनाही तेच करायचंय. बारावी सायन्स, क्लासची फी भरून झालीय, आणि आता म्हणतो फूड स्टायलिस्ट होणार. मी काय करू, सांगा." जिन्यात उभ्या उभ्या काय सांगणार? "चहाला या" म्हटलं आणि वर आले. पण त्यांचा चेहरा काही डोळ्यांसमोरून हलेना. सहा वर्षांपूर्वी मी याच जिन्यातून तोच चेहरा घेऊन चढ-उतार करत होते. म्हणून हे लिहितेय. त्या बाईंसाठी, आणि घरात असा एखादा मुलगा-मुलगी असलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी.

आधी माझा गुन्हा कबूल करते. लेकीनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हणाले होते, "मीठ कुठं वाढायचं, लिंबू कुठं, चटणी कुठल्या अंगाला, हे आपल्याकडे सात वर्षांच्या पोरीला येतं. त्याचे तुला कोण पैसे देणार?" आमचे हे तर दोन दिवस बोललेच नाहीत. तिनं हॉटेल मॅनेजमेंट घेतलं तिथवर ठीक होतं. हॉटेल म्हणजे निदान पगार आहे, पीएफ आहे. पण पदवी हातात आल्यावर वर्षभरात हॉटेलही सोडलं, आणि एका अनुभवी स्टायलिस्टच्या हाताखाली पेट्या उचलायला लागली. नातेवाइकांना काय सांगायचं हा माझा खरा प्रश्न होता. तेव्हा तसं कबूल केलं नसतं, आता करते.

पुढं ती स्वतःची कामं घेऊ लागली. मग एकदा तिची मदतनीस तापानं पडली आणि तिनं मला बरोबर नेलं. पहाटे पाचला डोंबिवलीहून अंधेरीला निघालो. गाडीत चार पेट्या. चिमटे, रंगाचे ब्रश, सिरिंजा, ड्रॉपर, फवाऱ्याच्या बाटल्या, बारीक कात्र्या, टिश्यूचे रोल, एक ब्लोटॉर्च. दवाखाना निघालाय की सोनाराचं दुकान, कळेना. आणि एका पिशवीत चाळीस लिंबं. सरबताच्या जाहिरातीत ग्लासाच्या काठावर लावायला लिंबाची एक चकती हवी होती. एक. सकाळी साडेसातपासून ती लिंबं कापत होती. चकती उजेडासमोर धरायची, निरखायची, बाजूला ठेवायची. एकाच्या फोडी लहानमोठ्या, एकाचं बी नेमकं मधोमध कापलं गेलेलं, एकाची साल जाड. सव्विसाव्या लिंबात तिला हवी ती चकती मिळाली. तिला म्हणायचं 'हिरो'. हिरो तयार होईपर्यंत दिवे लावून बघायला जो ग्लास कॅमेऱ्यापुढे बसतो तो 'डमी'. ग्लासावरचे गार थेंब म्हणजे नुसतं पाणी नव्हतं, ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं होतं. पाण्याचे थेंब दिव्यांखाली सुकतात नाहीतर ओघळतात, हे तासन्‌तास जागचे हलत नाहीत. बर्फ अ‍ॅक्रिलिकचा, कारण खरा बर्फ वितळला की सरबत फिकं पडतं.

मी कोपऱ्यात स्टुलावर बसून बाजूला पडलेल्या लिंबांकडे बघत होते. तुमच्याही मनात तेच आलं असेल. ज्या घरात पानात शीत राहिलं तर आई उठू द्यायची नाही, त्या घरातली मी. लेकीला तिथंच म्हणाले, "हे पाप कुठं फेडशील?" ती काही बोलली नाही. दुपारी पाहिलं तर तिनं दोन क्रेट ठेवले होते. ज्याला ग्लिसरीन, रंग, गोंद काही लागलंय ते एकात, निव्वळ कापलेलं-शिजवलेलं दुसऱ्यात. दुसऱ्या क्रेटातल्या लिंबांचं सरबत सगळ्या स्पॉटबॉयना मिळालं. पहिला क्रेट मात्र टाकलाच. मला ते अजूनही पचलेलं नाही, आणि पचलंय असं तुम्हाला खोटं सांगणार नाही. तुमचं मूल या वाटेनं गेलं तर हा वाद तुमच्याही स्वयंपाकघरात होईल. होऊ द्या. ज्याला टाकताना काहीच वाटत नाही, त्याच्या हातून अन्न चांगलं दिसेल यावर माझा तरी विश्वास नाही.

दुसरी शंका फसवणुकीची. ह्यांनी ती बरोबर पकडली होती: "म्हणजे लोकांना खोटं दाखवायचं?" हा वाद जुना आहे. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत बाउलच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या. भाज्या तळाला बसू नयेत, वर दिसाव्यात, म्हणून. सूप भरगच्च वाटलं. तिथल्या व्यापार आयोगानं हरकत घेतली आणि १९७० मध्ये कंपनीला हे बंद करावं लागलं. आपल्याकडेही आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. लेकीचा हिशेब सरळ आहे. जे विकायचंय ते खरं हवं. आइस्क्रीमची जाहिरात असेल तर आइस्क्रीम खरं, मग दर चार मिनिटांनी नवा गोळा काढावा लागला तरी चालेल. जाहिरात काचेच्या वाटीची असेल, तर वाटीतला गोळा उकडलेल्या बटाट्याचा असला तरी कुणाचं काही बिघडत नाही. मला हा हिशेब पटला. ह्यांना निम्मा पटला.

माझं मत खरं बदललं ते एका फोननं. पहाटे सहाला घाबऱ्या आवाजात फोन. "आई, पुरी फुगलेली कशी राहते?" श्रीखंड-पुरीचं ताट होतं, आणि पुरी तळून कॅमेऱ्यापर्यंत नेईस्तोवर बसत होती. मी अर्धवट झोपेत म्हणाले, "कणीक घट्ट मळ, त्यात चमचाभर रवा घाल, आणि लाटताना पिठी लावू नकोस, तेलाचं बोट लाव." फोन ठेवला आणि झोपले. संध्याकाळी तिनं फोटो पाठवला. टम्म पुरी. खाली लिहिलं होतं, 'तुझी'. तोवर मला वाटायचं की ती स्वयंपाक सोडून काहीतरी चकचकीत करतेय. खरं तर सबंध दिवस ती स्वयंपाकाशीच झुंजत असते. वरणावर साय धरते, आमटीवर तेलाचा तवंग येतो, पोहे दहा मिनिटांत कोरडे पडतात, कोथिंबीर मान टाकते, आणि गरम भाताची वाफ मागून उजेड आणि पाठीमागे काळोख असल्याशिवाय कॅमेऱ्याला दिसतच नाही. पाश्चात्त्य पुस्तकांत केक आणि पॅनकेकचं शास्त्र भरपूर आहे. आपल्या तपकिरी आमट्या देखण्या कशा करायच्या याचं शास्त्र मात्र ही पोरं स्वतः चुकत-माकत करतायत. म्हणून मुलानं हे नाव काढलं की त्याला एकच विचारा: तुला काय काय रांधता येतं? मोबाइलवर फोटो छान येतात, हे त्याचं उत्तर नव्हे.

आता फूड डिझाइन. हे नाव याच्याच शेजारी ऐकू येतं, पण काम वेगळं. स्टायलिस्ट पदार्थ दिसायला उभा करतो. डिझायनर तो पदार्थ असा का, त्याचा आकार, हातात धरणं, चावणं, डब्यात राहणं, याचा विचार करतो. बिस्किटाला भोकं असतात ती नक्षी नव्हे. भाजताना वाफ निघून जावी, बिस्किट फुगू नये म्हणून असतात. तिखटमिठाच्या पुऱ्यांना आपण काट्यानं टोचे मारतो ते याचसाठी. नाव घेतलं नाही, पण डिझाइन आपल्याकडे होतंच. कळ्या पाडलेला मोदक घ्या, रुखवत घ्या, बोरन्हाणातले हलव्याचे दागिने घ्या. काटेरी हलवा दोऱ्यात ओवून बाजूबंद करणाऱ्या आमच्या मावशीला कुणी डिझायनर म्हटलं नाही, आणि पैसेही दिले नाहीत.

डिझाइन फसतं तेही ऐका. इटलीचे जॉर्जेटो जुजारो म्हणजे फोक्सवॅगन गोल्फ रेखाटणारे, आपल्या रस्त्यांवर धावलेली मटीझ ज्यांच्या कार्यशाळेतून आली ते. १९८३ मध्ये नेपल्सच्या व्होइएलो कंपनीसाठी त्यांनी पास्त्याचा नवा आकार काढला. 'मारिले' त्याचं नाव. कागदावर अप्रतिम. पातेल्यात मात्र तो सगळीकडून सारखा शिजेना, आणि बाजारात काही टिकला नाही. एवढा मोठा माणूस, पण उकळत्या पाण्यापुढे हरला. मला हा किस्सा फार आवडतो. एखादी आजी जवळ असती तर म्हणाली असती, "अहो, एकीकडे जाड, एकीकडे पातळ, शिजेल कसं?"

उलट जपानचं बघा. म्हातारी माणसं फार, चावता-गिळता न येणारी फार. तिथं अशांसाठीच्या तयार अन्नाची मऊपणावरून चार गटांत वर्गवारी केलेली असते: सहज चावता येणारं, हिरड्यांनी चिरडता येणारं, जिभेनं चिरडता येणारं, आणि चावावंच न लागणारं. पाकिटावर तसं छापलेलं असतं. लेकीनं हे सांगितलं तेव्हा मला आमच्या सासूबाई दिसल्या. वय चौऱ्याऐंशी, दात नाहीत, कवळी सोसत नाही. सकाळ-संध्याकाळ दुधात भाकरी कुस्करून, आणि दिवाळीला सगळे चिवडा खातात तेव्हा या भिंतीकडे तोंड करून बसतात. मागच्या दिवाळीत लेकीनं तांदळाची उकड केली, फोडणीत कढीपत्ता, मिरची, हिंग, वर शेंगदाण्याचं आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं बारीक कूट, चवीला किंचित पिठीसाखर. दिसायला उकड, जिभेला चिवडा. सासूबाईंनी वाटी संपवली आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." त्यांच्या तोंडून ही दादच समजायची.

आता शिक्षणाबद्दल, कारण पहिला प्रश्न तुम्ही हाच विचाराल. आपल्याकडे या कामाला सरळसोट एक रस्ता नाही. माणसं निरनिराळ्या दारांनी येतात. दादरचं हॉटेल मॅनेजमेंटचं सरकारी कॉलेज १९५४ पासूनचं आहे. त्याला आणि त्याच्या भावंडांना एनसीएचएम जेईई ही परीक्षा लागते, बारावीची शाखा कुठलीही चालते. डिझाइनकडे ओढा असेल तर अहमदाबादची एनआयडी, किंवा पवईच्या आयआयटीतलं आयडीसी, तिथं बारावीनंतर यूसीड या परीक्षेतून. आणि आधीच सायन्स घेतलंय, तर माटुंग्याची आयसीटी आहेच. तिथं अन्न-अभियांत्रिकी शिकवतात, आणि बारावीचं केमिस्ट्री वाया जात नाही. हॉलंडमधल्या आइंडहोवनच्या डिझाइन अकादमीनं २०१४ मध्ये 'फूड नॉन फूड' नावाचा विभागच काढला होता. पण परदेशाच्या फीसाठी घर गहाण टाकण्याआधी मुलाला वर्षभर इथल्या कुणाच्या तरी हाताखाली पेट्या उचलू द्या. आठवड्याच्या सर्टिफिकेट कोर्सांच्या जाहिराती खूप येतात. माझं मत विचाराल तर त्या पैशांत घरी बेसन आणि तेल आणा.

पैशांचं झाकून ठेवत नाही. पहिली दोन वर्षं आम्ही तिचा लोकलचा पाससुद्धा काढला. काम दिवसावर मिळतं, आणि बिल दिलं की पैसे हातात यायला साठ-नव्वद दिवस. सण जवळ आले की कामाची रीघ, आणि पावसाळ्यात एकदा सलग सात आठवडे एकही फोन नाही. तेव्हा ती घरात पातेली घासत बसायची आणि मी तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करायचे. आज तिचं नीट चाललंय. पण पुढचं मला दिसत नाही. कॉम्प्युटर आता लिंबाशिवाय लिंबाचा फोटो काढतो. लेक म्हणते, साधी मेन्यूकार्डाची कामं त्यात गेलीच, म्हणून ती हल्ली पदार्थ घडवण्याच्या कामाकडे, एका छोट्या कारखान्याच्या खाकऱ्याकडे वळलीय. खाकरा प्रवासात मोडतो कुठं, हे बघायला महिनाभर तो पिशवीत घेऊन लोकलनं फिरली. कॉम्प्युटरला तेवढं कल्याण-सीएसएमटी अजून जमत नाही.

त्या बाई चहाला आल्या. मी हे सगळं सांगितलं, त्यांनी दोनदा चहा घेतला, आणि शेवटी विचारलं, "पण त्याला जमेल का?" मला कसं ठाऊक? लेकीला विचारलं. ती पेटी आवरत होती. म्हणाली, "शनिवारी पाठव. सकाळी पाच वाजता खाली. आणि चाळीस लिंबं घेऊन यायला सांग, एका मापाची, डाग नकोत."

मला वाटलं, आता काही तो येत नाही. रात्री साडेनवाला त्या बाईंचा फोन आला. तीन दुकानं फिरून आलाय म्हणाल्या, आणि विचारतोय, हिरवट चालतील की पिवळीच हवीत?

लेकीनं पेटीतून मान वर केली. "दोन्ही आण म्हणावं. उजेडात बघू."