स्मरणघंटा पुढे ढकलताना

झालेली गोष्ट आठवणे एक, आणि पुढे करावयाचे काम नेमक्या वेळी आठवणे दुसरे. या दुसऱ्या कामी मनुष्याचे मन पुष्कळदा दगा देते. संगणकातील दिनदर्शिका येथे त्याच्या साहाय्यास येते. ठरलेल्या वेळी ती घंटा वाजविते. हातात दुसरे काम असल्यास एक कळ दाबून ती घंटा काही वेळ पुढे ढकलता येते. या सोयीस ‘स्नूझ’ म्हणतात. गजराच्या घड्याळांत ती १९५० नंतरच्या दशकात रूढ झाली. पुढे संगणकाने ती उचलली.

घंटा आणि काम

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. तो विषारी असून त्यास रंग नाही आणि वासही नाही. म्हणून त्याचा सुगावा यंत्रानेच लागतो. समजा, अशा कारखान्यातील एका पर्यवेक्षकास वायुसूचक यंत्राची तपासणी दुपारी १२ च्या आत करावयाची आहे. सकाळी ९ वाजता घंटा वाजली. त्याने ती १०.३० पर्यंत पुढे ढकलली. येथे घंटा पुढे गेली. तपासणीची मुदत मात्र १२ चीच राहिली. अशीच आणखी दोनदा ढकलली, तर मुदत टळून जाईल, आणि सूचक यंत्र बिघडलेले असल्यास ते कोणास कळणारही नाही.

संगणक काय करतो?

दिनदर्शिकांची माहिती एका संगणकातून दुसऱ्यात नेण्यासाठी ‘आयकॅलेंडर’ नावाचे मानक १९९८ मध्ये तयार झाले. २०२१ मध्ये त्यास जोडलेल्या पुरवणीत स्नूझची रीत सांगितली आहे. तीनुसार मूळ सूचना पुसली जात नाही. ती पाहिल्याची वेळ तिच्यावर नोंदविली जाते, आणि तिच्याशी नाते सांगणारी एक नवी सूचना निर्माण होते. या नव्या सूचनेची वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहितात. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असल्याने १०.३० ची सूचना ५.०० अशी नोंदली जाते. ही रीत पाळणाऱ्या दिनदर्शिकांत, फोनवर ढकललेली घंटा कार्यालयातील संगणकावर पुन्हा जुन्याच वेळी वाजत नाही.

ढकलण्याची शिस्त

घंटा ढकलताना ‘किती मिनिटांनी?’ यापेक्षा ‘हे काम कोठे आणि केव्हा करता येईल?’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. पाळी बदलत असेल, तर ‘उद्या सकाळी’ हा पर्याय फसवा ठरतो. रात्रपाळी करून आलेला मनुष्य त्या वेळी झोपलेला असेल. एकच सूचना दोनदा ढकलली गेल्यास तिसऱ्या वेळी तिघांपैकी एक निर्णय घ्यावा : काम तत्काळ करावे, त्यास दिनदर्शिकेत स्वतंत्र वेळ द्यावी, अथवा ते दुसऱ्याकडे सोपवून तशी नोंद करावी. अनेक सूचना साचल्या असतील, तर ज्यांची मुदत जवळ आहे त्या प्रथम पाहाव्यात. सर्व सूचना एका कळीने पुसून टाकणे म्हणजे कामे संपविणे नव्हे.

कृती : एक आठवडाभर पुढे ढकललेल्या प्रत्येक सूचनेपुढे कामाची मुदत लिहा. कोणती कामे वारंवार ढकलली गेली, आणि का, याचा वर्गात विचार करा.